जन्माआधी स्वतःच निवडलेलं नशीब: योरुबांचा ‘ओरी’ आणि त्याची जबाबदारी

प्रश्नाचे तीन भाग आहेत. पहिला: पश्चिम आफ्रिकेतले योरुबा लोक मानतात की माणूस जन्माला येण्याआधी आपलं नशीब आपणच निवडतो, मग गरिबाने गरिबी आणि आजारी माणसाने आजारपण हौसेने निवडलं असं म्हणायचं का? दुसरा: एकदा निवडलेलं बदलता येतं का, की हे आपल्या कपाळावरच्या रेषांसारखंच, न पुसता येणारं? आणि तिसरा: जन्मतारीख विचारून इंटरनेटवर ‘ओरी रीडिंग’ देणारे हल्ली भेटतात, त्यांच्याकडून ते करून घ्यावं का?

नैऋत्य नायजेरियात, मुख्यतः ओयो आणि इबादानच्या परिसरात, इफाची, म्हणजे योरुबांच्या कौल लावण्याच्या विद्येची, पदं ऐकण्यात, उतरवून घेण्यात आणि जाणकारांकडून त्यांचा अर्थ समजून घेण्यात माझ्या आयुष्याचा मोठा भाग गेला आहे. त्या जोरावर उत्तर देते. तिसऱ्या भागाचं उत्तर सगळ्यांत सोपं आहे, पण पहिल्या दोन भागांशिवाय ते पटायचं नाही, म्हणून ते शेवटी.

ओरी म्हणजे डोकं. खांद्यावरचं, टोपी घालायचं ते बाहेरचं डोकं. आणि त्याच्या आत दुसरं, न दिसणारं, त्याला ‘ओरी इनू’ म्हणतात. माणूस या जगात काय करायला आला, त्याच्या वाट्याला काय येणार, तो कुठवर पोचणार, ते सगळं या आतल्या डोक्यात. पण ओरी म्हणजे विधिलिखिताची नुसती चिठ्ठी असं समजू नका. ओरी हा देव आहे, ज्याचा त्याचा स्वतंत्र देव. त्याला हाक मारतात, खाऊ घालतात, त्याची मनधरणी करतात, त्याचे आभार मानतात. शांगो, ओगुन, ओशुन हे ओरिशा, म्हणजे देव, सगळ्या गावाचे असतात. ओरी तुमचा एकट्याचा. तरीही अधिकारात तो त्यांच्या वर. तुमच्या ओरीने होकार दिला नाही तर कुठलाही ओरिशा तुमचं भलं करू शकत नाही, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. योरुबा लाकडी मूर्तींमध्ये डोकं शरीराच्या मानाने फार मोठं, कित्येकदा उंचीच्या चौथाईइतकं कोरलेलं असतं, ते याचमुळे. इफे या गावात १९३८ साली घराच्या बांधकामासाठी खोदताना धातूची जी अप्रतिम मस्तकं सापडली, ती पाहिली की डोक्याविषयीचा हा आदर किती जुना आहे ते कळतं.

आता निवडीची गोष्ट. ओबाताला मातीतून माणसाचं शरीर घडवतो, सर्वोच्च देव ओलोडुमारे त्यात जीव घालतो. पण ते शरीर अजून अपुरं असतं. त्याला ओरी घ्यायला आजालाच्या घरी जावं लागतं. आजाला हा डोकी घडवणारा कुंभार. आणि हा कुंभार देवासारखा निर्दोष अजिबात नाही. तो बेभरवशाचा आहे, निष्काळजी आहे, गळ्यापर्यंत कर्जात बुडालेला आहे. त्याच्या कोठारात काही डोकी पक्की भाजलेली, काही अर्धीकच्ची, काही तडा गेलेली, आणि वरून सगळी सारखीच दिसणारी.

इफाच्या पदांत तीन मित्रांची कथा येते. ओगुनचा मुलगा ओरिसेकू, इजा नावाच्या देवाचा मुलगा ओरिलेमेरे आणि ओरुनमिलाचा मुलगा अफुवापे. तिघं मिळून डोकं घ्यायला निघतात. त्यांना सांगितलेलं असतं की सरळ आजालाकडे जा, वाटेत बापाच्या घरी वळू नका. पहिले दोघे सांगितल्याबरहुकूम सरळ जातात. आजाला घरी नसतो. ते थांबत नाहीत, कोठारात शिरतात, दिसायला छान असं एकेक डोकं उचलतात, बसवतात आणि पृथ्वीच्या वाटेला लागतात. वाटेत पाऊस गाठतो. कच्ची माती भिजते, झिजते, ढासळत जाते. पृथ्वीवर पोचेपर्यंत डोक्याचा जेमतेम थोडा भाग उरतो. मग ते राबराब राबतात, पण हाताला यश येत नाही. जे कमावतील ते त्या मोडक्या डोक्याची डागडुजी करण्यातच जातं.

अफुवापे मात्र वाट वाकडी करून बापाला भेटायला जातो. ओरुनमिला म्हणजे इफाचा, भविष्यकथनाचा आणि ज्ञानाचा देव. त्याच्या घरी इफाला कौल लावला जातो, एबो म्हणजे अर्पण करायला सांगितलं जातं, आणि त्या अर्पणातलं थोडं मीठ आणि कवड्या बरोबर घेऊन जा असा सल्ला मिळतो. पुढे वाटेत त्याला एक द्वारपाल भेटतो, तो रस्सा रांधतोय आणि त्यात चक्क राख घालतोय. अफुवापे विचारतो, राख कशाला? तो म्हणतो, आम्ही असंच खातो. अफुवापे चिमूटभर मीठ घालून देतो. द्वारपालाने जन्मात अशी चव घेतलेली नसते. खूश होऊन तो अफुवापेला आजालाच्या घरी नेतो. तिथे पाहावं तर आजालाचा सावकार दारात ठाण मांडून बसलाय आणि आजाला त्याला चुकवायला आढ्यावर लपलाय. कर्ज किती? १२,००० कवड्या. अफुवापे ते फेडतो. सावकार गेल्यावर आजाला खाली उतरतो, त्याला कोठारात नेतो आणि लोखंडी सळईने एकेका डोक्यावर प्रहार करतो. एक फुटतं. दुसरं खणखणीत वाजतं. हे घे, म्हणतो. पाऊस अफुवापेलाही गाठतो, मुसळधार गाठतो, पण पाणी डोक्यावरून ओघळून जातं.

(१२,००० कवड्या म्हणजे किती हे कळावं म्हणून: योरुबा हिशोबात २०,००० कवड्यांचं एक पोतं, आणि ते एका माणसाचं भरभक्कम ओझं. या कवड्या मालदीवच्या समुद्रातून निघून हिंदी महासागराच्या व्यापारातून आणि पुढे युरोपीय जहाजांतून पश्चिम आफ्रिकेत पोचल्या. तुळजाभवानीच्या आराध्यांच्या गळ्यातली माळ तशाच कवड्यांची असते.)

सांगणाऱ्यागणिक या कथेचा तपशील बदलतो, पण शेवट तोच. अफुवापेची भरभराट पाहून दोघे मित्र रडतात. म्हणतात, चांगली डोकी कुठे मिळतात ते ठाऊक असतं तर आम्हीही तिथूनच घेतलं असतं. त्यावर अफुवापेचं उत्तर असं: डोकी आपण एकाच ठिकाणाहून घेतली, पण आपली नशिबं एक नव्हती.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर या कथेत आहे, आणि ते साधं नाही. ओरिसेकूने मुद्दाम वाईट डोकं निवडलं का? नाही. त्याने घाई केली, हे खरं. पण कोठारात शिरल्यावर कच्चं कुठलं आणि पक्कं कुठलं हे त्याला कळायला मार्गच नव्हता. आणि एक मुद्दा मला नेहमी अस्वस्थ करतो: त्या दोघांनी आज्ञा पाळली होती. वाट वाकडी करू नका असं सांगितलं होतं, त्यांनी केली नाही. मोडली ती अफुवापेने. अलीकडच्या योरुबा तत्त्वज्ञांनी यावर पुष्कळ वाद घातला आहे. माहितीशिवाय केलेल्या निवडीला निवड म्हणायचं कशी, आणि तिची जबाबदारी निवडणाऱ्यावर टाकायची कशी, हा त्यांचा सवाल रास्त आहे. तो सुटलेला नाही, आणि सुटला असं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

परंपरेने हा प्रश्न दुसऱ्या अंगाने हाताळला आहे. पदं अफुवापेच्या हुशारीचं कौतुक करत नाहीत. त्याला बरं डोकं मिळालं कारण त्याने विचारलं, अर्पण केलं, अनोळखी माणसाच्या राखेच्या रश्श्यात मीठ घातलं, दुसऱ्याचं कर्ज फेडलं. त्याची निवडसुद्धा त्याच्या हातची नव्हती. डोकं वाजवून दिलं आजालाने. म्हणजे जन्मापूर्वीच्या त्या घटकेतही माणूस एकटा नसतो, आणि चांगलं डोकं चांगल्या वागण्यातून, लोकांच्या मदतीने हाती येतं.

आणि दुसऱ्याच्या डोक्याबद्दल बोलायची तर सोयच ठेवलेली नाही. एक पद आहे, त्याचा भावार्थ असा: वाईट ओरी सुजून दिसत नाही, वेड्याची पावलं रस्त्यावर वेगळी उमटत नाहीत, उद्या मुकुट घालणारं डोकं आज सभेत ओळखता येत नाही. म्हणून, पुढे पद म्हणतं, नवराबायकोनेही एकमेकांना हिणवू नये, कारण उद्या राज्य करणारं डोकं कुणाचं हे कुणालाच ठाऊक नाही. गरिबाकडे बोट दाखवून ‘याने हेच निवडलं’ असं म्हणणाऱ्याला या पदाने आधीच गप्प केलं आहे. बाजारातल्या भांडणात ‘ओलोरी बुरुकू’ म्हणजे वाईट डोक्याचा ही शिवी सर्रास ऐकू येते, हेही सांगायला हवं. शिवी आहे, जिव्हारी लागते. पण ती शिवी आहे, निदान नव्हे.

दुसऱ्या प्रश्नाकडे येते. बदलता येतं का?

जाणकार नशिबासाठी तीन शब्द वापरतात. अकुनलेयान, म्हणजे गुडघे टेकून मागून घेतलेलं. अकुनलेग्बा, म्हणजे गुडघे टेकून स्वीकारलेलं. आणि अयानमो, म्हणजे अंगाला जोडून दिलेलं. काही जण म्हणतात या एकाच गोष्टीच्या तीन बाजू. मला भेटलेले बरेच बाबालावो, म्हणजे इफाचे पुरोहित, त्यांत भेद करतात: मागून घेतलेल्यात फेरफार होऊ शकतो, स्वीकारलेलं त्याला साधन म्हणून असतं, आणि कुठल्या घरी जन्मलात, बाई की पुरुष, यांसारखं जोडून दिलेलं मात्र बदलत नाही. या वर्गवारीत फार गुंतून पडू नका. प्रत्यक्ष व्यवहारात महत्त्वाचं ठरतं ते पुढचं: माणूस मागतो, स्वीकारतो, आणि पृथ्वीवर येताना सगळं विसरतो.

विसरत नाही एकच जण, ओरुनमिला. प्रत्येकाने आपला वाटा मागितला तेव्हा तो हजर होता, म्हणून त्याला ‘एलेरी इपिन’, नशिबाचा साक्षीदार, म्हणतात. इफाला कौल लावायचा तो या साक्षीदाराची साक्ष काढायला. मूल जन्मलं की साधारण तिसऱ्या दिवशी त्याच्यासाठी पहिला कौल लावतात, नाव ठेवतात आठव्या दिवशी. आपल्याकडे पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई बाळाच्या कपाळी लिहून जाते, कोरा कागद आणि लेखणी ठेवून घरचे बाजूला होतात, आणि लिहिलेलं कुणाला वाचता येत नाही. योरुबा आईबाप उलट विचारायला जातात. हे पोर काय घेऊन आलंय, त्याला काय वर्ज्य, कुठलं काम त्याच्या हाताला लाभेल, त्याच्यासाठी आम्ही काय करायचं? कौलात पथ्य निघतं: अमुक खायचं नाही, तमुक रंग घालायचा नाही. मूल मोठं झालं तरी ते पथ्य बाळगतं, आणि का बाळगतो हे ठामपणे सांगतं.

कौल कसा लावतात ते जवळून सांगते, कारण तिसऱ्या प्रश्नाला ते लागणार आहे. बाबालावो चटईवर बसतो. समोर लाकडी ताट, त्याच्या काठावर एशूचा, म्हणजे देवांच्या निरोप्याचा, चेहरा कोरलेला. ताटात पिवळसर भुकटी पसरलेली. त्याच्या हातात सोळा इकिन, म्हणजे एका विशिष्ट ताडाच्या काळ्याभोर बिया, वापरून वापरून गुळगुळीत झालेल्या. एका हातातल्या बिया तो दुसऱ्या हाताने झटक्यात उचलतो. मागे एक उरली तर भुकटीत बोटाने दोन खुणा, दोन उरल्या तर एक खूण. काहीच उरलं नाही किंवा जास्त उरल्या तर पुन्हा. असं आठ खुणांच्या जागा भरेपर्यंत. चार-चारच्या दोन रांगा, उजवीकडून डावीकडे वाचायच्या. यातून जी आकृती उमटते ती २५६ ओडूंपैकी एक. त्यांतल्या सोळा मुख्य, बाकीच्या २४० त्यांच्या जोड्या. झटपट काम असेल तर आठ अर्ध्या शेंगा ओवलेली ओपेले नावाची साखळी टाकतात, तिच्यातून एका फेकीत ओडू मिळतो. प्रत्येक ओडूची ढीगभर पदं, आणि बाबालावोला ती मुखोद्गत असावी लागतात. शिकायला वर्षानुवर्षं जातात. युनेस्कोने २००५ मध्ये या विद्येला मानवजातीचा अमूर्त वारसा म्हणून गौरवलं आणि २००८ मध्ये आपल्या यादीत घेतलं ते याच मौखिक भांडारासाठी.

कौलातून बहुतेक वेळा एबो निघतो. पण ओरी बिथरलाय असं निघालं तर ओरीलाच खाऊ घालावं लागतं. याला इबोरी म्हणतात. तो विधी मला इफाच्या सगळ्या विधींत जास्त प्रिय आहे, कारण त्यात गाजावाजा नसतो. ज्याचा ओरी, तो आंघोळ करून, शक्यतो पांढरं वस्त्र नेसून चटईवर बसतो. आधी थंड पाणी जमिनीवर शिंपडतात; डोकं थंड असावं ही सगळ्या प्रार्थनेची मुख्य मागणी. मग ओबी, म्हणजे चार पाकळ्यांचं कोला फळ, कपाळाला टेकवतात. माणूस हळू आवाजात आपल्या ओरीशी बोलतो: ‘ओरी मी, ग्बे मी ओ’, माझ्या ओरी, मला साथ दे. मग स्वतःच्या शब्दांत, मनात येईल ते. ओबी फोडून चारही पाकळ्या जमिनीवर टाकतात; दोन उताण्या, दोन पालथ्या पडल्या की ओरीने मानलं. थोडा ओबी चावून डोक्याला लावतात, उरलेला तिथे असलेल्या सगळ्यांना वाटतात. घरात कौल देणारा मोठा पुरोहित असला, तरी त्या वेळी देव असतो तो चटईवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात, आणि बाकीचे त्या डोक्यासमोर वाकतात. एका म्हातारीला मी दर कठीण दिवशी सकाळी, कुणाशीही बोलायच्या आधी, तळहात कपाळावर ठेवून ओरीशी बोलताना पाहिलं आहे. कुठलं साहित्य नाही, पुरोहित नाही. तेही इबोरीच.

पूर्वीचे श्रीमंत लोक ओरीसाठी ‘इले ओरी’ म्हणजे ओरीचं घर करून घेत: शंकूच्या आकाराची चामड्याची पेटी, वरून कवड्यांनी गच्च मढवलेली, आणि आत त्या माणसाच्या ओरीचं प्रतीक. ते घर वारसाला जात नसे. मालक गेला की मोडून टाकत, कारण ज्याचा ओरी तो गेला. आज ही पेटी बहुधा वस्तुसंग्रहालयांतच दिसते.

तर मग डोक्याला खाऊ घातलं की झालं? नाही. इथे पदं पायाला पुढे आणतात. पाय म्हणजे ‘एसे’, चालणारा, कष्ट करणारा. कथा अशी: सगळी डोकी एकत्र जमली, मोठं काम करायचा बेत ठरला, पण एसेला कुणी बोलावलं नाही. काम फसलं. तेव्हा त्यांना कळलं की पायाने वाहून नेल्याशिवाय कुठलंच डोकं आपल्या मुक्कामाला पोचत नाही. उत्तम ओरी घेऊन आलेला माणूस घरात बसून राहिला तर त्याचा ओरी वाया जातो, ही तिथली पक्की समजूत आहे. ओरी चांगला आहे एवढ्यावर निर्धास्त राहा, असं मला तिथे कुणीही सांगितलेलं नाही.

शिवाय बिघडवणारेही असतात. आजोगुन नावाच्या विरोधी शक्ती: मृत्यू, रोग, हानी, पक्षाघात, शाप, कैद आणि आणखी काही. माणसांचा मत्सर आणि दुष्टाई हीही त्यांत धरतात. त्या चांगल्या ओरीची वाट अडवू शकतात, म्हणून अर्पणांचा मोठा भाग त्यांना शांत करण्यासाठी असतो. यावर जास्त लिहीत नाही, कारण नवख्या वाचकांचं सगळं लक्ष तिकडेच जातं आणि मुख्य गोष्ट राहून जाते.

मुख्य गोष्ट ‘इवा’. वागणूक, शील, स्वभाव. इफाच्या पदांत इवा ही ओरुनमिलाची बायको आहे. तो तिला छळतो, हाकलून देतो. ती गेल्यावर त्याचं घर, पैसा, मान सगळं ओसरतं. मग तो गावोगाव तिला शोधत फिरतो. खुद्द नशिबाच्या साक्षीदाराची ही अवस्था! सगळ्यांची नशिबं पाठ असलेला देवही शील गमावल्यावर भिकेला लागतो, हे योरुबा परंपरेने स्वतःच्या सर्वांत ज्ञानी देवाबद्दल बिनदिक्कत सांगितलं आहे. दुसऱ्या एका पदाचा भावार्थ तर याहून थेट आहे: इफे नगरीत वाईट म्हणावा असा ओरीच नाही, कठीण आहे ती फक्त इवा.

आता प्रामाणिकपणे विरुद्ध बाजूही मांडते. ‘वाईट डोकं साबणाने धुतलं जात नाही’ ही म्हणही योरुबांचीच आहे, आणि सतत अपयश आलेला माणूस ती हमखास वापरतो. म्हणजे परंपरेत दोन्ही सूर आहेत. मुसलमान आणि ख्रिस्ती योरुबा, म्हणजे आज बहुसंख्य योरुबा, कौल लावायला जात नसले तरी ओरीची भाषा बोलतात. त्यांत निराशेचा सूरही असतो. माझं मत विचाराल तर ती म्हण दुःखाच्या भरात तोंडून निघते आणि पदं हजारो लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या घोटून जपली आहेत. सिद्धांत कुठला हे ठरवताना मी पदांकडे पाहते. आणि पदांचं म्हणणं असं: ओरीचं मूळ बदलत नाही, पण कच्च्या डोक्याची डागडुजी होते, पक्क्या डोक्याचीही नासाडी होते, आणि दोन्ही इथे, जिवंतपणी, कौल, अर्पण, कष्ट आणि वागणूक यांतून होतात. संचित-प्रारब्धाच्या चौकटीत हे बसवायला जाऊ नका. इथे मागच्या जन्मीच्या पापाचं फळ असा हिशोबच नाही. आजोबा नातवात परत येतात असं मानतात, त्यावरून बाबातुंदे हे नावही ठेवतात, पण ते आनंदाचं परतणं, शिक्षा म्हणून नव्हे.

ओरीचं बळ कुठवर पोचतं हे सांगणारं एक पद सांगते आणि मग तिसऱ्या प्रश्नाकडे वळते. ओरुनमिला सगळ्या देवांना विचारतो: तुमच्यापैकी कोण आपल्या भक्ताबरोबर दूरच्या प्रवासाला, समुद्रापार, मागे न वळता जाईल? शांगो म्हणतो मी जाईन. ओरुनमिला विचारतो, वाटेत तुझ्या वडिलांचं गाव कोसो लागलं, तिथे गबेगिरी ही शेंगदाण्यांची आमटी कोंबडा दिला, मग? शांगो म्हणतो, पोटभर जेवून मी घरी परतेन. एकेक देव येतो, प्रत्येकाचं गाव आणि आवडतं जेवण निघतं, आणि प्रत्येक जण मागे फिरतो. शेवटी उत्तर येतं: ओरी. फक्त ओरी भक्ताबरोबर समुद्र ओलांडतो. पद जुनं आहे, पण एकोणिसाव्या शतकात ओयोचं साम्राज्य कोसळलं आणि युद्धांत पकडलेली हजारो योरुबा माणसं गुलाम म्हणून क्यूबा आणि ब्राझीलला नेली गेली, तेव्हा ते शब्दशः खरं झालं. घरं, गावं, देवळं मागे राहिली. डोकी गेली. ब्राझीलच्या कांदोम्ब्लेमध्ये आजही ‘बोरी’ होतो. क्यूबात कोला मिळेना म्हणून नारळाचे तुकडे टाकायला लागले. डोक्याला थंडावा मागणारी प्रार्थना तीच राहिली.

आता ‘ओरी रीडिंग’. जन्मतारखेवरून ओरी कळत नाही. इफात जन्मवेळेची कुंडली हा प्रकारच नाही. तारीख विचारणारा माणूस दुसऱ्याच विद्येला ओरीचं नाव देतोय. आणि तुमची अडचण खोदून खोदून विचारणाऱ्याकडूनही उठून या. खऱ्या रिवाजात तुम्ही आपला प्रश्न बाबालावोला सांगतच नाही. एखादं नाणं हातात घेऊन त्याच्यापाशी पुटपुटता आणि ते खाली ठेवता. त्याला प्रश्न ठाऊक नसतो. ओडू उमटतो, तो त्या ओडूची पदं एकामागून एक म्हणू लागतो: अमक्या गावात अमक्याने कौल लावला, त्याला अमुक अर्पण सांगितलं, त्याने केलं किंवा नाही केलं, मग असं असं झालं. तुम्ही ऐकत राहता, आणि एखादं पद आपलं आहे असं वाटलं की त्याला थांबवता. मग त्या पदावर बोलणं सुरू होतं. कुठलं पद आपलं हे ठरवायचा हक्क शेवटपर्यंत तुमचा असतो.

तेव्हा जायचंच असेल तर दोन गोष्टी मागा: कुठला ओडू पडला त्याचं नाव, आणि त्याची पदं, नुसता सारांश नव्हे, अख्खी, योरुबात, मग अर्थासकट. ज्याला येतात तो आनंदाने म्हणेल, तासभर म्हणेल. टाळाटाळ करणाऱ्याला पैसे देऊ नका.